चाचांची हळद

बडेबाबूंना मी फसवलं, हे आधीच सांगून टाकतो. शेवटी सांगितलं तर गोष्ट रंगवायला दडवून ठेवलं असं व्हायचं, आणि रंगवारंगवी मी आयुष्यात एकदाच केली. तिचं काय झालं तेच सांगायला बसलोय. फसवणारा मी एकटा नव्हतो, अख्खं ऑफिस होतं. पण बाकीचे बदलून गेले, काही रिटायर होऊन नातवंडं खेळवत बसले, आणि एका मोबाइलच्या दुकानासमोर बडेबाबूंच्या शेजारी उभं राहायची पाळी माझ्यावर आली.

आमच्या भागात ऑफिसातल्या हेडक्लार्कला बडेबाबू म्हणतात. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं. कळमनुरीत कालव्याच्या कामाचं आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. आठवड्यातून दोनदा उगवणारे एक साहेब, दोन बाबू, एक म्हातारे शिपाई, त्यांना सगळे मामा म्हणत, आणि एक कूलर, तो नुसता आवाज करायचा. मी दुसरा बाबू, म्हणून छोटेबाबू. चाळिशी ओलांडली तरी छोटेबाबूच.

बडेबाबू बुटके, काटकुळे. शर्टाचं वरचं बटण मे महिन्यातही लावलेलं. बोलताना ओठ जेमतेम हलायचे, शब्द दातांच्या फटीतून गाळून यावेत तसे यायचे. नवीन आलेल्या साहेबाला वाटायचं, हा माणूस शिष्ट आहे. गालात एका बाजूला खर्रा कायम. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून आणलेला. सकाळी एक पुडी, दुपारी एक, संध्याकाळची मोजदाद मी ठेवली नाही.

दर महिन्याला आमच्यापैकी कुणाला तरी फाईल घेऊन औरंगाबादच्या मोठ्या ऑफिसात जावं लागे. शहराचं नाव आता बदललंय, पण बडेबाबू जुनंच म्हणत, तर या हकिकतीत त्यांचंच चालू द्या. पहाटेची एसटी, हिंगोली, जिंतूर, जालना करत दुपारच्या सुमाराला शहर. फाईल दिली की पोच दुसऱ्या दिवशी. म्हणजे एक दुपार मोकळी, आणि ओळखीचं कुत्रं नाही. कळमनुरीत माणूस बारमधे शिरला की तो बाहेर यायच्या आत घरी बातमी पोचते. त्यामुळे शहरात गेलो की थंडगार बीअर आणि सोबत काहीतरी झणझणीत, हे आम्हा सगळ्यांचं सरळ साधं स्वप्न असायचं. आणि कुठं जायचं ते बडेबाबूंना विचारायचं. फक्त ऑफिसवाले नाहीत. बियाण्याचा दुकानदार, ट्रेनिंगला निघालेले मास्तर, कोर्टाच्या तारखेला जाणारे, सगळे आधी आमच्या ऑफिसात डोकावून जात. अगदी सदऱ्यातून जानवं दिसणारे गुरुजीसुद्धा एकदा कुजबुजत विचारून गेले.

बडेबाबू नाही म्हणत नसत. आलेल्या टपालाचं जुनं पाकीट ते ब्लेडनं तिन्ही बाजूंनी उकलत, आतली कोरी बाजू वर करत, आणि सरकारी लाल पेन्सिलीनं नकाशा काढत. बसस्टँड, मग चौक, मग मशिदीची भिंत, मग बोळ. नकाशा काढताना वरून सूचना चालू.

“रिक्षावाल्याला इचारू नका. त्याचं कमिशन जिथं, तिथं तो तुमाला नेऊन टाकंल. इस्त्रीवाल्याला इचारा. इस्त्रीवाला दिवसभर एका जागी उभा राहून पाहून राहिला, कोन आत गेलं अन् कसं बाहेर आलं.”

आत गेल्यावर लगेच बसायचं नाही, हा दुसरा नियम. आधी हात धुवायचे. “बेसिनपाशी साबणाची वडी पहा. कोरडी असंल तर तिथं कोनी जेवत न्हाई, नुसतं पितात. परत फिरा.” फुटाणे मऊ निघाले तरी परत फिरा. टीव्ही मोठ्यानं चालू असेल तर मालकाचं लक्ष भटारखान्यात नाही, परत फिरा. वेटर म्हातारा पाहिजे. म्हातारा वेटर ज्या बारमधून सोडून गेला नाही, तिथला मालक नीट आहे. आणि बीअर दुपारची. “राती पेतात ते दुख्खाला पेतात. दुपारी पेतो तो चवीला पेतो.”

मी एकदा विचारलं, बडेबाबू, तुम्ही इथं कधी घेत नाही? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी त्यांच्याकडे ऑफिसचा शिक्का उसना मागितलाय. “इथं मी बडेबाबू हाय,” एवढंच म्हणाले.

त्यांच्या लग्नाआधीची चार वर्षं त्यांची नेमणूक औरंगाबादला होती. एका खोलीत राहत, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दुपारी बाहेर जेवत. त्या चार वर्षांत त्यांनी शहर जिभेनं पिंजून काढलं होतं. मग बदली होऊन कळमनुरीला आले ते आलेच. फाईल घेऊन जायची पाळी त्यांचीही यायची, पण दर वेळी ते ती दुसऱ्याला देऊन टाकत. ते का जात नाहीत याचा कुणी फार विचार केला नाही. आम्ही आमच्या नकाशावर खूश होतो.

नकाशाची किंमत एकच होती. परत आल्यावर सांगायचं. फाईलचं काय झालं ते साहेबांना सांगा, पण त्याआधी बडेबाबूंच्या टेबलासमोर बसा आणि पहिल्यापासून सांगा. ते डोळे मिटून घेत, दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवत, आणि ऐकत. मधेच विचारत, “पापडावरचा कांदा बारीक व्हता का जाडा?” “लिंबू कापून दिलं का पिळून?” “बाटली पुसून आनली?” आपण सांगत जायचं, त्यांचा गळा घोट घेतल्यासारखा हलायचा. हे बघायला गंमत वाटायची. मला तर फार गंमत वाटायची, खोटं कशाला बोलू.

सगळ्या नकाशांत एक बार पहिल्या नंबरचा. त्याला त्यांनी नाव ठेवलं होतं निंबाचा बार. मागं मोकळं अंगण, मधे मोठा कडुनिंब, त्याखाली लोखंडी टेबलं, आणि चाचा नावाचे एक वेटर. चाचा बाटली ओल्या गोणपाटात गुंडाळून आणत आणि तव्यावरची कलेजी, वर भरडलेली काळी मिरी, सोबत जवारीची भाकर. बारमधे जवारीची भाकर, हे सांगताना बडेबाबूंच्या तोंडावर आपल्या पोराचा पहिला नंबर आल्यासारखा भाव असे. त्यांना पोर नव्हतं, तो भाग वेगळा.

बदली होऊन आल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी पहिल्यांदा फाईल घेऊन निघालो. खिशात निंबाच्या बारचा नकाशा. चौक सापडला, मशिदीची भिंत सापडली, बोळही सापडला. बोळाच्या टोकाला चार मजली इमारत होती. खाली मोबाइलचं दुकान, वर कसले तरी क्लासेस, जिन्यात पोरांच्या चपलांचा ढीग. निंब नाही, अंगण नाही. तासभर उन्हात त्या गल्लीत नाक्यापर्यंत आणि परत अशा फेऱ्या मारल्या. मग रागारागानं एका रिक्षात बसलो. त्यानं नेलं तिथं टीव्ही ढणढणत होता, फुटाणे मऊ होते, आणि बीअर कोमट. ती पिऊन मी बसस्टँडवर अंडाभुर्जी खाल्ली आणि लॉजवर जाऊन झोपलो.

परत आल्यावर बडेबाबूंनी खुर्ची पुढे ओढली. “बसा. फाईलचं मागून. आधी निंब कसा हाय ते सांगा.”

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण बडेबाबूंच्या पाठीमागे दारात मामा उभे होते, हातात चहाची किटली, आणि ते हळूहळू मान हलवत होते. नको.

“आहे,” मी म्हणालो. “निंब आहे.”

“टेबलावर पानं पडून राहिली असतील.”

“पडत होती. चाचा फडक्यानं झाडत होते.”

एवढ्यावर थांबलो असतो तर बाकीच्यांसारखा मीही सुटलो असतो. पण माझा स्वभाव आगाऊ, एकदा गाडी उताराला लागली की ब्रेक आठवत नाही. कलेजी सांगितली, मिरी सांगितली, भाकरीचा पापुद्रा सांगितला, आणि वर म्हणालो, “चाचांनी तुम्हाला सलाम सांगितलाय.”

बडेबाबूंनी डोळे उघडले. इतकी वर्षं सगळे निंब आणि कलेजी सांगत आले होते, सलाम कुणी आणला नव्हता.

“वळखलं त्यायनं?”

“कळमनुरी म्हटल्याबरोबर.”

ते उठून खिडकीशी गेले. मामांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, “बाबू, खोटं बोला म्हनलं, पर एवढं?”

मग मामांनीच सगळं सांगितलं. फार वर्षांपूर्वी एक बाबू गेला, त्याला बार सापडला नाही. त्यानं येऊन तसं सांगितलं. बडेबाबू म्हणाले, तुमी चुकीच्या बोळात गेले, आणि नवीन पाकीट उकलून नवीन नकाशा काढून दिला. पुढल्या महिन्यात तो पुन्हा गेला, पुन्हा नाही सापडला. बडेबाबू म्हणाले, मशिदीची भिंत उजव्या हाताला ठेवली व्हती का? तिसऱ्यांदा तेच. “चवथ्या डावाला त्यो कटाळला. म्हनला, सापडला, झकास हाय. बडेबाबूनं सगळ्यायला पेढे वाटले. तवापासून ज्यो जाते त्यो झकास म्हनते. आता कोन सांगते त्यायला?”

पुढच्या खेपेला फाईलसोबत एक पुडी आली. अर्धा किलो हळद. हिंगोलीच्या मोंढ्यातून स्वतः हळकुंडं मोडून, रंग पाहून घेतलेली, दळून आणलेली, वर कागदावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं, चाचांना. “तवा मी दर दिवाळीला न्यायचो. चाचा म्हनायचे, इधर की हल्दी में वो बात नहीं.” मी पुडी घेतली. काय करणार होतो? शहरात लॉजच्या कपाटात ठेवून यायचं ठरवलं होतं, पण अन्नाची वस्तू टाकवेना. परत घरी आणली. बायकोला सांगितलं, ऑफिसात एकानं दिली. ती म्हणाली, रंग सुरेख आहे.

त्यानंतर प्रत्येक खेपेला पुडी, आणि प्रत्येक खेपेला मी चाचांचा निरोप घेऊन येई. चाचांना नात झाली. चाचांचा गुडघा दुखतो. चाचा म्हणतात, बाबूजींना एकदा या म्हणावं. त्या म्हाताऱ्याला मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याचं कुटुंब मी चालवत होतो. आमच्या घरच्या वरणाला वर्षानुवर्षं चाचांची हळद.

आता मला स्वतःचा सगळ्यात जास्त राग कशापायी येतो, तर डब्यापायी. रोज दुपारी आम्ही एकत्र जेवायचो. बडेबाबू आपला डबा उघडत तो झाकण उभं धरून, पलीकडून दिसू नये असा. आत दुधात चुरलेली भाकर. चमच्यानं, अगदी छोट्या चमच्यानं, ओठांच्या फटीतून आत सारायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, “पथ्य हाय.” सात-आठ वर्षं मी त्या माणसासमोर बसून लोणचं चाटून खाल्लं. चवीचा एवढा जाणकार माणूस रोज दूधभाकर का खातो, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. तोंड असं मिटून बोलणं ही त्यांची ऐट आहे असं मी साहेबांना हसत हसत सांगायचो.

मागच्या उन्हाळ्यात त्यांनी बोलणं जवळजवळ बंद केलं. काही सांगायचं तर पाकिटाच्या पाठीवर लिहून द्यायचे. गालाला बाहेरून सूज दिसायला लागली तेव्हा मी आणि मामा त्यांना हिंगोलीला डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, आ करा. बडेबाबूंनी केला तेवढ्या आ मधे डॉक्टरांचं एक बोट जाईना. खर्ऱ्यानं तोंड आतून आवळत आवळत मिटत आलं होतं, आणि आता गालाच्या आत आणि जिभेच्या कडेला गाठ. डॉक्टरांनी आमच्याकडे बघून चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, वेळ घालवू नका, औरंगाबाद.

सोबत जायला त्यांच्या घरचं बायकोशिवाय कुणी नव्हतं. वहिनी आणि मी गेलो. तपासण्या झाल्या, ऑपरेशनची तारीख मिळाली. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, जबडा एका बाजूनं काढावा लागेल, जीभ किती जाईल ते उघडल्यावर कळेल. बडेबाबू ऐकत होते. समजलं अशी मान हलवली, जणू एखादं परिपत्रक आलंय.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी ते एक्स-रेला गेले असताना वहिनी वॉर्डाबाहेरच्या बाकावर माझ्याजवळ बसल्या. फार न बोलणारी बाई. पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या, “भाऊजी, तुमी खाल्लेलं सारं मला पाठ हाय.”

मला कळलं नाही.

“पंधरा वर्सं झाली, त्यायनं भाजीचा घास खाल्ला न्हाई. तिखट सोडा, मिठाचा खडा लागला तरी डोळ्यातून पानी. पर तुमी शहरातून आले की त्या दिशी घरी येऊन मांडी घालून बसायचे अन् मला सांगायचे. कलेजी कशी व्हती, चाचा काय म्हनले. मी जेवत राहायची, ते सांगत राहायचे. मला बी मग ताटातली दाळ दाळ लागायची न्हाई.” त्या थोड्या लाजल्या. “म्हनले, बरा झालो की तुला नेतो निंबाखाली. लगीन झालं तवापासून म्हनून राहिले. बायका बसतात का हो तिथं?”

“बसतात,” मी म्हणालो. “फॅमिलीचं वेगळं टेबल आहे.”

असा मी. हॉस्पिटलच्या बाकावर बसून, त्या बाईच्या तोंडावर.

दुपारी बडेबाबूंनी मला खुणेनं जिन्यापाशी बोलावलं. दाढी केलेली, वरचं बटण लावलेलं, काखेत कापडी पिशवी. पिशवीत काय आहे ते मला बघायची गरज नव्हती. दातांतून, एकेक शब्द लावून म्हणाले, “उद्यापासून तोंड डाक्टरचं. आज माझं हाय. चला.”

मी सांगून पाहिलं. ऊन फार आहे, सिस्टर सोडणार नाही, डॉक्टरांनी काही घ्यायचं नाही सांगितलंय, आज बार बंद असेल. त्यांनी खिशातून सिस्टरनं दोन तासांची परवानगी दिलेला कागद काढून दाखवला. हेडक्लार्क माणूस, कागद करून आला होता. त्या क्षणी जिन्यात, माणसांच्या येण्याजाण्यात मला सांगता आलं असतं. मी रिक्षा बोलावली.

रिक्षावाल्याला रस्ता त्यांनीच हातानं दाखवला. चौक. मशिदीची भिंत, उजव्या हाताला. बोळाच्या तोंडाशी उतरले आणि झपझप चालायला लागले, इतके झपझप मी त्यांना कधी चालताना पाहिलं नव्हतं. टोकाला पोचले आणि थांबले. काचेच्या दारावर मोबाइलची जाहिरात, वर क्लासेसचा बोर्ड, जिन्यात चपला. ते मागं जाऊन भिंत बघून आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. मी जागचा हललो नाही.

मग त्यांनी त्यांचा नियम पाळला. बोळात एक इस्त्रीवाला होता, हातगाडीवर मोबाइलनं पैसे द्यायचा तो चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवलेला. बडेबाबू त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. शब्द नीट फुटेना म्हणून हातानं झाडाचा आकार केला.

“वो नीम वाला बार?” इस्त्रीवाला म्हणाला. “वो तो कब का गया, बाबूजी. नीम कटे को बारा-तेरा साल हो गए.”

“चाचा?”

“चाचा तो उससे भी पहले गुजर गए. बार चालू था तभी.”

इस्त्रीवाल्यानं इस्त्री उचलून पुन्हा शर्टावर ठेवली. बडेबाबू माझ्याकडे वळले. मागच्याच महिन्यात मी चाचांचा गुडघा बरा झाल्याचं सांगितलं होतं. माझी मान खाली. त्यांनी ओरडावं, एक थोबाडीत द्यावी, असं मला मनापासून वाटत होतं.

“सगळेच?” ते म्हणाले.

“सगळेच.”

त्यांनी पिशवीतून पुडी काढली आणि माझ्या हातात दिली. “घ्या. तुमच्याच घरी जाऊन राहिली न व्हय?”

मला रडू आलं. भर रस्त्यात, त्या क्लासच्या पोरांसमोर. त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि बोळाबाहेर नेलं. वाटेत एकच वाक्य बोलले, पण सगळं स्पष्ट, दात आवळून, थांबून थांबून. “हिला सांगू नका.”

नाक्यावर एक बार होता. आत टीव्ही चालू. बडेबाबू सरळ बेसिनपाशी गेले, साबणाकडे पाहिलं. मीही मागून पाहिलं. वडी कोरडी ठणठणीत होती, मधे चीर गेलेली. मला वाटलं परत फिरतील. ते येऊन टेबलाला बसले. त्यांना फिरून जायला दुसरं काही उरलं नव्हतं.

बीअर मागवली, कलेजी मागवली. वेटर कानात वायरी घातलेला तरुण मुलगा. बडेबाबूंनी त्याच्याकडे नळी मागितली. तो म्हणाला, कोल्ड्रिंकची? आणि हसला, मग त्यांच्या गालाकडे बघून गप्प झाला. नळीनं त्यांनी एक घोट ओढला. गाठीवर ते लागलं असणार, कारण टेबलाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग ग्लास माझ्याकडे सरकवला, कलेजीची प्लेटही सरकवली.

“खा,” म्हणाले. “आन् या डावाला खरं सांगा.”

त्यांनी डोळे मिटले. हात पालथे.

मी खाल्लं. म्हणालो, “वातड आहे. रबर चावल्यासारखी.”

मान हलली. पुढं.

“मीठ जास्त. मिरी नाहीच, लाल तिखट आहे नुसतं, तेही कच्चं लागतंय. कांदा जाडा. लिंबू वाळलेलं.”

“बराबर,” ते म्हणाले. “अजून.”

“बीअर कोमट. फुटाणे मऊ.”

“अजून.”

मी प्लेट संपेपर्यंत सांगत राहिलो. इतक्या वर्षांत त्यांना मिळालेला तो पहिला खरा अहवाल, आणि असल्या जेवणाचा. बिलासोबत बडीशेप आली. त्यांनी चार दाणे उचलले, नाकाशी नेले आणि परत ठेवले.

ऑपरेशन झालं. जबडा गेला, जीभ अर्ध्याहून जास्त गेली. जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले. नाकातून नळी, तिच्यातून पातळ खाणं. चव लागायला जिथून जावं लागतं, तिथून आता काही जात नाही.

ऑफिसात आता त्यांची खुर्ची मला मिळाली आहे. मला बडेबाबू म्हणतात, मी ओ देतो. नवीन आलेला बाबू शहरात जाताना मला काही विचारत नाही. मोबाइलवर बघून जातो, चार चांदण्या, साडेचार चांदण्या. परत येऊन पोच टेबलावर ठेवतो आणि आपल्या कामाला लागतो.

गेल्या महिन्यात फाईल घेऊन मीच गेलो. बसस्टँडवर भजी खाल्ली, दुसऱ्या दिवशी परतलो, आणि संध्याकाळी बडेबाबूंच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत खाटेवर बसले होते, चेहऱ्याचा खालचा भाग उपरण्यानं झाकलेला. मी समोर बसलो. विचारायचं ते त्यांनी, आणि त्यांना विचारता येत नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्यामुळे थोडं सुटल्यासारखं वाटलं.

वहिनी पाणी घेऊन आल्या आणि दाराच्या चौकटीला टेकून खाली बसल्या. “सांगा की भाऊजी,” म्हणाल्या. “त्यायला आता इचारता येत न्हाई, तर मी इचारते. निंब कसा हाय? चाचा बरे हायेत का?”

मी बडेबाबूंकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले आणि डोळे मिटले.

मी सांगितलं. निंबाला पालवी फुटली आहे, टेबलांना नवीन रंग दिलाय, चाचा थकलेत पण बाटली अजून गोणपाटातच आणतात. कलेजी, मिरी, भाकरीचा पापुद्रा. वहिनी ऐकत होत्या, मधेच विचारत होत्या, फॅमिलीचं टेबल सावलीत हाय का? मी म्हणालो, सावलीत आहे. बडेबाबूंचा गळा हलला नाही. उपरण्याची कड तेवढी ओली होत गेली, आणि मी सांगतच राहिलो, कारण थांबायचं कुठं ते मला कळेना.

निघताना वहिनी आतून पुडी घेऊन आल्या. कागदावर त्यांनी स्वतः, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, चाचांना. “या वक्ताला मीच जाऊन आनली हिंगोलीहून. त्यायला जमत न्हाई आता. रंग बराबर हाय का पहा बरं.”

बराबर आहे, मी म्हणालो. घरी आलो. आधीची हळद अजून संपलेली नव्हती, बायकोनं डबा काढला आणि ही पुडी तिच्यावरच ओतली.